जकातमुक्त क्षेत्रें आणि आपले कारखानदार

साकरवाडी हें कोपरगांव तालुक्यांतील एका ठिकाणाचें नांव आहे, आणि त्या नांवांतच त्याचा सारा इतिहास सांठविलेला आहे. करमशी जेठाभाई सोमैया यांनीं 1939 सालीं स्थापन केलेल्या गोदावरी शुगर मिल्सचा कारखाना येथें उभा राहिला, आणि गोदेच्या कांठच्या ह्या माळास साखरेवरून ओळख मिळाली. कारखाना येथेंच कां आला, असें विचारलें असतां सर्वसाधारण उत्तर असें मिळतें कीं, पाणी होतें व ऊस होता. तें खरेंच आहे. नांदूर मधमेश्वरचा बंधारा आणि दारणा नदीवरील धरण यांच्या जोरावर गोदावरीचे दोन कालवे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ह्या अवर्षणाच्या पट्ट्यांत वाहूं लागले, आणि कालव्याच्या पाण्यामागोमाग ऊस आला. परंतु पाणी आणि ऊस एवढ्यानें साखरेचा कारखाना चालत नाहीं. त्या काळीं जावा बेटांतील पांढरी साखर मुंबई बंदरांत इतक्या स्वस्त भावानें उतरत असे कीं, तिच्याशीं स्पर्धा करण्यासाठीं भांडवल घालणें म्हणजे तें गोदावरीच्या पुरांत सोडून देण्यासारखेंच होतें. ही परिस्थिति पालटली ती 1932 सालच्या कायद्यानें. टॅरिफ बोर्डाच्या शिफारशीवरून सरकारनें परदेशी साखरेवर दर हंड्रेडवेटास 7 रुपये 4 आणे अशी संरक्षक जकात बसविली. तीवर चौथाई अधिभार धरून ती 9 रुपये 1 आणा झाली. ह्या भिंतीच्या आडोशास पांचसहा वर्षांच्या अवधींत देशांतील साखर कारखान्यांची संख्या 30 च्या आसपास होती ती 130 च्या वर गेली. साकरवाडी ही त्याच लाटेंतली.

संरक्षक जकातीची कल्पना परकी सरकारनें आपणांस शिकविली, असें मात्र कोणीं समजूं नये. 1671 सालीं शिवाजी महाराजांनीं कुडाळच्या सुभेदारास धाडलेलें पत्र इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. गोव्याकडील बारदेशचें मीठ स्वस्त पडे, आणि त्यामुळें संगमेश्वरच्या मिठाचा व्यापार बुडण्याच्या पंथास लागला होता. तेव्हां त्या परक्या मिठावर जबर जकात बसवून तें आपल्या मिठाहून महाग पडेल असें करावें, अशी त्यांत आज्ञा आहे.

तेव्हां जकातीची भिंत कां बांधावी, हें महाराष्ट्रांतील श्रोत्यांस नव्यानें पटवून देण्याचें कारण नाहीं. आजच्या भाषणाचा विषय त्याच्या पुढचा आहे. भिंत एकदां उभी राहिली म्हणजे तिचा उपद्रव घरच्याच कांहीं माणसांस होऊं लागतो. जो कारखानदार परदेशांतून कच्चा माल आणतो, त्यावर येथील कामगारांकडून कारागिरी करवितो आणि तयार माल पुन्हां परदेशीं विकतो, त्यानें जकात कशासाठीं द्यावी? त्याचा माल आपल्या बाजारांत येतच नाहीं. तो आपल्या कोणत्याहि शेतकऱ्याचा वा कारागिराचा घास हिरावून घेत नाहीं. उलट, प्रवेशद्वारांतच भरलेली जकात त्याच्या मालाच्या किंमतीस चिकटून परदेशांत जाते, आणि तेथील बाजारांत ज्याला अशी जकात द्यावी लागलेली नाहीं असा दुसऱ्या देशाचा कारखानदार त्यास सहज मागें टाकतो. भिंत तर हवी, पण तिला दारेंहि हवींत; अशा दारांपैकीं सर्वांत मोठें आणि सर्वांत अधिक बोलबाला झालेलें दार म्हणजे जकातमुक्त व्यापारक्षेत्र.

हें क्षेत्र म्हणजे कायद्यानें मान्य केलेली एक कल्पना आहे. कुंपण घातलेली एखादी भूमि घ्यावयाची आणि असें मानावयाचें कीं, जकातीपुरती ती देशाच्या हद्दीबाहेर आहे. जमीन आपली, पोलीस आपले, कामगारांचे कायदे आपले. केवळ जकातीच्या हिशेबांत तो परदेश. बोटीवरून उतरलेला माल त्या कुंपणांत गेला तर तो देशांत आलाच नाहीं असें धरतात, म्हणून त्यावर जकात नाहीं. तेथून तो बोटीनें बाहेर गेला तर प्रश्नच उरत नाहीं. मात्र कुंपणाच्या फाटकांतून तो देशाच्या बाजाराकडे निघाला, कीं त्याच क्षणीं तो ‘आयात’ होतो आणि जकात द्यावी लागते. कल्पना जुनी आहे. इटालींतील लेगहॉर्न बंदर सोळाव्या शतकाच्या अखेरीस अशाच सवलतींवर भरभराटीस आलें. हॅम्बुर्ग शहरानें 1888 सालीं जर्मनीच्या जकात-संघांत प्रवेश केला तेव्हां आपल्या बंदराचा एक भाग मुक्त राखून ठेवला. तो 2013 सालाच्या आरंभीं बंद झाला. अमेरिकेनें 1934 सालीं आपला कायदा केला, तोहि जगभर जकातीच्या भिंती उंच होत चालल्या असतांना. हा योगायोग नव्हे. भिंत जितकी उंच, तितकी दाराची किंमत अधिक.

हिंदुस्थानांत पहिलें असें क्षेत्र कच्छच्या किनाऱ्यावर कांडला येथें 1965 सालीं निघालें. महाराष्ट्राच्या वांट्याला दुसरें आलें. 1973 सालीं मुंबईच्या अंधेरी उपनगरांत सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र स्थापन झालें. मुंबईकर त्यास ‘सीप्झ’ ह्या आद्याक्षरी नांवानेंच ओळखतात. नांव इलेक्ट्रॉनिक्सचें असलें तरी पुढें तेथें जडजवाहिराच्या धंद्यास प्रवेश मिळाला, आणि आज हिरेजडित दागिन्यांच्या निर्यातीचें तें एक प्रमुख ठिकाण आहे. मुक्त क्षेत्राचा उपयोग कसा होतो हें समजून घेण्यास सोन्याइतकें सोपें उदाहरण नाहीं. 2022 सालच्या जुलैंत सोन्यावरील आयात जकात शेंकडा 15 करण्यांत आली. त्या वेळीं एखाद्या सोनारी कारखानदारानें एक कोटी रुपयांचें सोनें क्षेत्राबाहेर आणलें असतें, तर दागिन्याला हात लावण्यापूर्वींच 15 लाख रुपये सरकारांत भरावे लागले असते. तोच कारखाना कुंपणाच्या आंत असेल, तर ते 15 लाख त्याच्याजवळच राहत. जुलै 2024 मध्यें जकात शेंकडा 6 वर उतरली, आणि त्याबरोबर कुंपणाच्या आंत असण्याची किंमतहि एका कोटीस 6 लाखांवर आली. मुक्त क्षेत्राचा लाभ हा अशा रीतीनें नेहमीं जकातीच्या दराची सांवली असतो.

कोणी म्हणेल, निर्यात झाल्यावर भरलेली जकात परत मिळतेच, मग एवढा खटाटोप कशाला? परत मिळते हें खरें. 1962 सालच्या सीमाशुल्क कायद्यांत तशी तरतूद आहे. आणलेला माल जसाच्या तसा परत धाडला तर भरलेल्या जकातीपैकीं शेंकडा 98 पर्यंत परत मिळूं शकते, आणि कच्च्या मालापासून वस्तु बनवून धाडली तर निराळ्या दरानें परतावा मिळतो. पण भरलेले पैसे परत मिळणें आणि मुळांत भरावेच न लागणें ह्यांत फार मोठें अंतर आहे. ज्यानें कधीं धंदा केला आहे, त्यास तें सांगावें लागत नाहीं. मधल्या काळांत ती रक्कम अडकून पडते. तेवढ्यासाठीं बँकेकडून कर्ज काढावें लागतें आणि त्याचें व्याज मुकाट्यानें सोसावें लागतें. लहान कारखानदाराच्या दृष्टीनें तर जकातीच्या ओझ्याहून ह्या व्याजाचें ओझें अधिक जाचक असतें, कारण मोठ्या पेढ्यांस जें कर्ज सहज मिळतें तें त्यास मिळत नाहीं.

दुसरा लाभ नासधुशीचा. पिंपांतून आणलेल्या द्रव्याचा कांहीं भाग उडून जातो, कांहीं गाळांत जातो, कांहीं वस्तु चांचणींत नापास होऊन फेंकून द्याव्या लागतात. दारांतच जकात घेतली तर ह्या नष्ट झालेल्या भागावरहि ती भरलेली असते. क्षेत्रांत हिशेब बाहेर पडणाऱ्या मालाचा होतो, आंत जिरलेल्याचा नव्हे.

तिसरा लाभ मात्र जरा सूक्ष्म आहे, आणि मला वाटतें, सर्वांत महत्त्वाचाहि आहे. जकातीच्या कोष्टकांत कधीं कधीं असा विपर्यास होतो कीं, सुट्या भागांवरील दर अधिक आणि तयार यंत्रावरील दर कमी. मग तयार यंत्र परदेशांतून आणणें स्वस्त पडतें आणि येथें जुळवणें महाग. अशा वेळीं क्षेत्राची मदत कशी होते हें आंकड्यांनीं पाहूं. समजा, एका यंत्राची किंमत 100 रुपये आहे. त्यांत परदेशी भाग 40 रुपयांचे, देशी भाग 35 रुपयांचे, आणि मजुरी, इतर खर्च व नफा मिळून 25 रुपये. भागांवर जकात शेंकडा 10, तयार यंत्रावर शेंकडा 5. हें यंत्र देशांतच विकावयाचें आहे. अधिभार आणि वस्तु व सेवा कर आपण सोयीसाठीं सोडून देऊं. साध्या कारखान्यांत 40 रुपयांवर शेंकडा 10 प्रमाणें 4 रुपये जकात पडेल. अमेरिकेंतील क्षेत्रांत कारखानदारास अशी निवड करतां येते कीं, परदेशी भागांची जकात तयार वस्तूच्या दरानें द्यावी; म्हणजे 40 रुपयांवर शेंकडा 5, तेव्हां 2 रुपये. अमेरिकेच्या कायद्यांत आरंभीं क्षेत्राच्या आंत वस्तु बनविण्यास मुभा नव्हती; ती 1950 सालच्या दुरुस्तीनें मिळाली, आणि 1980 सालीं तेथील जकात खात्यानें असा निर्णय दिला कीं, क्षेत्रांत झालेली मजुरी, खर्च व नफा जकातीच्या किंमतींत धरूं नयेत. त्यानंतरच तेथील मोटारींचे कारखाने व तेलशुद्धीचे कारखाने मोठ्या संख्येनें क्षेत्रांत आले. 2018 पासून चीनच्या मालावर बसविलेल्या वाढीव जकातींपुरती ही निवड काढून घेण्यांत आली, ही गोष्टहि ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. सरकारला भिंत खरोखरच टिकवावयाची असते तेव्हां तें प्रथम हें दार लोटून घेतें.

आतां हेंच यंत्र आपल्या देशांतील विशेष आर्थिक क्षेत्रांत बनलें आणि देशांतच विकलें तर? 2005 सालच्या आपल्या कायद्याचें 30 वें कलम असें कीं, क्षेत्रांतून देशांत येणाऱ्या मालावर तो जणूं परदेशांतूनच आला आहे असें समजून जकात घ्यावी. म्हणजे पुऱ्या 100 रुपयांवर शेंकडा 5, तेव्हां 5 रुपये. त्यांतील 35 रुपयांचे भाग देशी, 25 रुपयांची मेहनत देशी, तरी जकात सर्वांवर! कुंपणाबाहेरच्या कारखानदारानें 4 रुपये दिले, आणि कुंपणाआंतल्यानें 5. ज्यास सवलतीचें क्षेत्र म्हणावयाचें, तेथें स्वदेशांत विकणाऱ्यास दंडच झाला. आपल्या कायद्यानें हें जाणूनबुजून केलें आहे; क्षेत्र निर्यातीसाठीं आहे, तेथील माल स्वस्तांत देशांत उतरून बाहेरच्या कारखान्यांस मारक होऊं नये, ही त्यामागील दृष्टि. ती समजण्यासारखी आहे. परंतु तिचा परिणाम असा झाला कीं, परदेशांतील मागणी मंदावली म्हणजे क्षेत्रांतील कारखान्यास आपल्याच देशाच्या बाजाराकडे वळतां येत नाहीं. 2022 सालच्या अंदाजपत्रकांत हा कायदा बदलून नवा करण्याची घोषणा झाली ती ह्याच तक्रारींमुळें. शिवाय पूर्वीं ह्या क्षेत्रांस प्राप्तिकराचीहि मोठी सूट होती. 2011 सालीं त्यांस किमान पर्यायी कर लागू झाला, आणि 2020 नंतर निघालेल्या नव्या कारखान्यांस ती सूट उरली नाहीं. त्यामुळें आज क्षेत्राचें आकर्षण मुख्यतः जकातीपुरतेंच राहिलें आहे.

ह्या क्षेत्रांची आणखी एक बाजू आहे, आणि ती जमिनीची. 2005 चा कायदा फेब्रुवारी 2006 पासून अमलांत आला आणि पाहतां पाहतां देशभर क्षेत्रांचीं फर्मानें सुटलीं. रायगड जिल्ह्यांतील पेण, उरण व पनवेल ह्या तालुक्यांत एका अवाढव्य क्षेत्रासाठीं भातशेतीच्या जमिनी घेण्याचें ठरलें, तेव्हां प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रांतील 22 गांवांत सप्टेंबर 2008 मध्यें सरकारला जनमत घ्यावें लागलें, आणि पुढें तो प्रकल्पच बारगळला. आपल्याकडे सिन्नरजवळ मुसळगांव व गुळवंच ह्या भागांत क्षेत्रासाठीं घेतलेल्या जमिनीचा मोठा भाग वर्षानुवर्षें पडून राहिला. सिन्नर-शिर्डी रस्त्यानें जाणारायेणाऱ्यांनीं तो पाहिला आहे. भारताच्या महालेखापरीक्षकांचा 2014 सालचा अहवाल सांगतो कीं, क्षेत्रांसाठीं अधिसूचित झालेल्या सुमारे 45,600 हेक्टर जमिनीपैकीं काम सुरू झालें होतें तें सुमारे 28,500 हेक्टरांतच. जकात वांचविण्यासाठीं जमीन कुंपणांत घालावी लागते खरी. पण जकात वांचविण्याच्या नांवाखालीं जमीनच मिळवावयाची, असा हेतु कांहीं ठिकाणीं होता असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

मग कोपरगांवसारख्या बंदरापासून दूर असलेल्या गांवच्या कारखानदारानें काय करावें? त्यानें आपला कारखाना मोडून नाव्हाशेवाच्या कुंपणांत नेऊन ठेवावा काय? तसें करण्याचें कारण नाहीं. ज्याप्रमाणें देवळाकडे जाणारी वाट एकच नसते, त्याप्रमाणें कायद्यानें इतर वाटाहि ठेवल्या आहेत, आणि त्यांची माहिती मोठ्या शहराबाहेर फारशी नाहीं, म्हणून त्यांवर थोडा अधिक वेळ घेतों.

पहिली वाट 1981 सालची, संपूर्ण निर्यातप्रधान कारखान्याची. येथें सरकार म्हणतें, तूं क्षेत्रांत येऊं नकोस. तूं जेथें आहेस तेथेंच तुझ्या कारखान्याभोंवतीं आम्ही क्षेत्र मानतों. अट एवढीच कीं, पांच वर्षांच्या हिशेबांत देशांत आलेलें परकीय चलन देशाबाहेर गेलेल्याहून अधिक असलें पाहिजे. यंत्रें आणि कच्चा माल जकातीवांचून येतात. देशांत कांहीं माल विकला तर, क्षेत्रांतल्याप्रमाणें साऱ्या किंमतीवर नव्हे, तर त्यांत गेलेल्या परदेशी कच्च्या मालावर माफ झालेली जकात परत करावी लागते. आपल्या उदाहरणांत तीं 5 रुपयांऐवजीं 4 होतील.

दुसरी वाट आगाऊ परवान्याची, आणि हिचा संबंध साखरेशीं, म्हणून कोपरगांवाशीं, अगदीं निकटचा आहे. अमुक माल बनविण्यास अमुक कच्चा माल लागतो असें प्रमाण सरकारनें ठरविलेलें असतें. त्या प्रमाणांत कच्चा माल जकातीवांचून आणावा आणि साधारणतः 18 महिन्यांच्या आंत तयार माल निर्यात करावा. साखरेच्या बाबतींत ह्या परवान्याचे दोन अर्थ संभवतात आणि त्यांतील भेद फार महत्त्वाचा आहे. एक अर्थ दाण्यास दाणा. आणलेली कच्ची साखर जी, तीच शुद्ध करून परत धाडली पाहिजे. दुसरा टनास टन. आणलेली साखर शुद्ध करून येथें विकावी आणि मुदतींत तेवढीच आपली साखर परदेशीं धाडावी. 2007-08 च्या हंगामांत देशांत सुमारे 263 लाख टन साखर झाली होती, ती 2008-09 मध्यें सुमारे 145 लाख टनांवर घसरली. ऊस नाहीं म्हणून गाळप लवकर आटोपलें आणि यंत्रें रिकामीं उभीं राहिलीं. त्या वेळीं, फेब्रुवारी 2009 मध्यें, सरकारनें दाण्यास दाणा ही अट शिथिल करून टनास टन मान्य केलें. बंदरावरच्या शुद्धीकरण कारखान्यास ह्या बदलाचें विशेष काय वाटावें? पण गोदाकांठच्या कारखान्याचा विचार करा. दाण्यास दाणा म्हटलें तर ब्राझीलची कच्ची साखर मुंबईहून कसाऱ्याचा घाट चढून वर आणावयाची, शुद्ध करावयाची आणि पुन्हां तोच घाट उतरून बंदरावर न्यावयाची. जकातींत वांचलें तें गाडीभाड्यांत गेलें. टनास टन म्हटल्यावर परतीचा खर्च त्या वर्षापुरता वांचला, टंचाईच्या वेळीं साखर देशांत राहिली, आणि उसाचें पीक पुन्हां भरपूर आल्यावर निर्यातीची फेड करण्याची सोय झाली.

परंतु येथें ऊस उत्पादकाची बाजूहि सांगितली पाहिजे. टंचाईंत जकातीवांचून आलेली साखर पुढच्या हंगामापर्यंत गोदामांत शिल्लक राहिली, तर भाव पडतो, आणि भाव पडला कीं उसाचें बिल थकतें. आपल्या भागांतील सहकारी कारखान्यांचे सभासद हे एकाच वेळीं कारखान्याचे मालकहि आहेत आणि कच्चा माल पुरविणारेहि. त्यामुळें परदेशी कच्च्या साखरेची माफी ही त्यांना एका खिशांत लाभ आणि दुसऱ्या खिशांत तोटा अशी असते. 2018 च्या फेब्रुवारींत साखरेवरील आयात जकात शेंकडा 50 होती ती 100 करण्यांत आली, ती ह्याच मंडळींच्या रक्षणासाठीं.

तिसरी वाट मला स्वतःला सर्वांत अधिक उपयोगाची वाटते, आणि नवल असें कीं तिच्याविषयीं सर्वांत कमी बोललें जातें. बंदरावर उतरलेला माल जकात न भरतां ज्या गोदामांत ठेवतां येतो, त्यास व्यापारी बाँडेड गोदाम म्हणतात. सीमाशुल्क कायद्याचें 65 वें कलम अशा गोदामांत वस्तु बनविण्यासहि परवानगी देतें. हें कलम पुष्कळ वर्षें पुस्तकांतच होतें. 2019 सालीं नवे सुटसुटीत नियम झाले, तेव्हां त्यांत जीव आला. आतां कारखानदारानें आपल्या कारखान्यासच असें गोदाम म्हणून मान्यता मिळवावी. कारखाना कोपरगांवास असो कीं कुडाळास असो. तेथें आणलेल्या यंत्रावर व कच्च्या मालावर जकात त्या वेळीं द्यावी लागत नाहीं आणि लांबणीवर पडलेल्या जकातीवर व्याजहि नाहीं. माल निर्यात झाला तर त्यांतील कच्च्या मालाची जकात माफ. देशांत विकला तर त्या परदेशी कच्च्या मालावरची जकात, तीहि विकतांना. आणि निर्यात इतकी केलीच पाहिजे अशी सक्ति मुळींच नाहीं. दोन कोटींचें यंत्र आणलें आणि जकात शेंकडा साडेसात धरली, तर 15 लाख रुपये आज भरावयाचे नाहींत. शेंकडा 10 व्याजानें वर्षाचे दीड लाख वांचले. सहकारी बँकेंतून कर्ज काढून धंदा उभारणाऱ्या तरुणास दीड लाखांत एका कामगाराचा वर्षाचा पगार निघतो.

ह्या वाटेवर कांटे नाहींत असें नव्हे. कच्च्या मालाच्या दाण्यादाण्याचा जमाखर्च संगणकावर ठेवावा लागतो, जकातीच्या तिप्पट रकमेचें बंधपत्र लिहून द्यावें लागतें, आणि जकात खात्याच्या तपासनिसास केव्हांहि वह्या दाखवाव्या लागतात. यंत्राची गोष्ट तर अशी कीं, दहा वर्षें वापरून तें देशांत विकावयाचें ठरलें तर झीज वजा मिळत नाहीं. जकात मूळ किंमतीवरच बसते. निर्यातप्रधान कारखान्यास अशी झीज मिळते. तेव्हां यंत्र लवकर जुनें होणारें असेल, तर कोणती वाट धरावी ह्याचा हिशेब आधींच मांडणें बरें. केवळ यंत्रच आणावयाचें असेल, तर भांडवली यंत्रसामग्रीच्या निर्यात परवान्याची आणखी एक सोय आहे. तींत जेवढी जकात वांचली तिच्या सहापट मालाची निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. ती ज्यास झेपेल त्यानेंच तें धनुष्य उचलावें.

बंदराचें अंतर ही कोपरगांवची जुनी अडचण होती, तीहि पूर्वीसारखी राहिलेली नाहीं. दौंड-मनमाड लोहमार्ग तर पूर्वींपासून आहेच. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर 2022 मध्यें खुला झाला, तो कोपरगांव तालुक्यांतूनच जातो. आणि जून 2025 मध्यें इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पा खुला झाल्यावर मुंबईची वाट सलग झाली. मोहोरबंद पेटी कारखान्यांतच भरून थेट बंदरावर नेतां आली, तर कारखाना घाटावर आहे कीं घाटाखालीं, ह्यास जकातीच्या दृष्टीनें फारसें महत्त्व उरत नाहीं.

आणि कधीं कधीं हीं सारीं दारें निरुपयोगी ठरतात, कारण सरकार भिंतच खालीं आणतें. साकरवाडींत आतां रसायनांचा मोठा धंदा आहे; मद्यार्कापासून इथाइल अॅसिटेटसारखीं रसायनें तेथें बनतात व परदेशींहि जातात. पेट्रोलमध्यें मिसळण्यासाठीं देशी मद्यार्काची मागणी वाढल्यापासून रसायनांच्या धंद्यास लागणाऱ्या मद्यार्काची ओढाताण सर्वत्रच होऊं लागली, आणि अपेय केलेला परदेशी मद्यार्क आणावयाचा तर त्यावर शेंकडा 5 मूळ जकात होती. तोंवर बाँडेड कारखान्याची वाट अशा धंद्यास लाभाची होती. 2023-24 च्या अंदाजपत्रकानें औद्योगिक रसायनें बनविण्यासाठीं आणलेल्या ह्या मद्यार्कावरील मूळ जकात काढून टाकली. त्या दिवसापासून मद्यार्कापुरता बाँडेड गोदामांतला कारखाना आणि बाहेरचा कारखाना एकाच रांगेंत आले. लाभ राहिला तो यंत्रांवरील जकातीचा आणि ज्या इतर द्रव्यांवर दर कायम आहे त्यांचा.